पाच दिवसांतून एकदा

मंगळवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.

झोप नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. कारण गिलमार्टिन. तो आमच्या बेसबॉल टीमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे मधे उभा राहून येईल तो चेंडू अडवणारा. तो काही इथे आला नव्हता, त्याच्यावरून वाद झाला.

काल लेबर डेची सुट्टी. खाली सासूच्या, बर्निसच्या, अंगणात सगळं सासर गोळा झालेलं. ऑरविलकाका कणसं भाजत होते, खिडकीत रेडिओवर मॅच चालू, आणि वाद तोच, जो दोन महिने अख्ख्या गावात चाललाय. यंदाचा एमव्हीपी कोण. म्हणजे सगळ्या लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू, वर्षाला एकच. माझा नवरा ग्लेन म्हणाला, वादच नाही, रस्क. पिचर आहे, चेंडू टाकणारा तो, एकोणीस मॅच जिंकून दिल्या त्याने एकट्याने. मी बटाट्याचं सॅलड वाढत होते. मला कोणी विचारलं नव्हतं. मी आपलं म्हटलं, पाच दिवसांतून एकदा येतो, बाकीचे चार दिवस बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया थुंकतो, तो माणूस कसला मोलाचा? गिलमार्टिन बघा, बोट मोडलं तरी रोज येतो.

 मग ऑरविलकाकांच्या नाकातून बिअर आली. मग सगळेच हसायला लागले, पोरंटोरंसुद्धा. बर्निस म्हणाली, ऐकलंस का रे ग्लेन, बायको काय म्हणते ते.

त्यात हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलं नाही. मी बेसबॉलबद्दल बोलत होते.

ग्लेनचं तोंड बिटासारखं झालं. प्लेट गवतात ठेवली, ट्रकमध्ये बसला, गेला. रात्री आला नाही. वरच्या मजल्यावर मी आणि मिंडी दोघीच. मिंडी आमची मुलगी, सात महिन्यांची. रस्त्यावरून ट्रक गेला की मी उठून बसत होते. एकूण अकरा ट्रक गेले. इतके लोक कुठे जातात कोण जाणे.

लग्न बेसबॉलवरून मोडतं का? छे. पण माणूस रुसतो. आमच्याकडे रुसतात.

ठरवलं: संध्याकाळी खिम्याचा मीटलोफ करायचा, त्याला आवडतो. गिलमार्टिनचं नाव काढायचं नाही. झोपायचं.

बुधवार, ९ सप्टेंबर.

आला नाही. मीटलोफ मीच खाल्ला, तीन वेळा.

बर्निस म्हणते, मासे मारायला गेला असेल गं, पुरुषांचं असं असतं. गळ तर दोन्ही इथेच दारामागे उभे आहेत. तिथे भाड्याने मिळत असतील.

झोप नाही.

शुक्रवार, ११ सप्टेंबर. दुपार.

वेन्डेलला फोन केला. माझा भाऊ. केपला असतो, गॅरेज आहे, इथून गाडीने अडीच तास. आईवडिलांच्या माघारी त्यानेच मला वाढवलं. ग्लेनशी लग्न करू नकोस म्हणणारा तोच एकटा. चर्चच्या पायरीवर म्हणाला होता, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी फोन कर, ट्रक घेऊन येतो, एक शब्द विचारणार नाही. म्हणून तर त्याला काही सांगायचं नाही. एक शब्द विचारणार नाही हे मला सहन व्हायचं नाही.

मी नुसता एमव्हीपीचा सल्ला घ्यायला फोन केला होता. म्हटलं, खरं सांग, रस्क की गिलमार्टिन? वेन्डेल म्हणाला, हे बघ बाळे, आकड्यांनी डोकं फिरवून घेऊ नकोस. सोपं आहे. मोलाचा म्हणजे काय, तर त्या माणसाला टीममधून काढ आणि बघ किती मॅच हरतात. जितक्या हरतील तितकं त्याचं मोल. गिलमार्टिनला काढलास तर मधे खिंडार पडतं, त्यातून म्हैस जाईल. रस्कला काढ, चार दिवस कोणाला पत्ताही लागायचा नाही. आणि पिचरांना त्यांचं वेगळं बक्षीस असतं की, अजून किती द्यायचं त्यांना?

मग म्हणाला, बाकी सगळं ठीक ना? मी म्हटलं, फर्स्ट क्लास. म्हणाला, ग्लेनला दे जरा. मी म्हटलं, तो आंघोळीला गेलाय.

दुपारी दोन वाजता, म्हणाला. मी म्हटलं, उकडतंय.

शनिवार, १२ सप्टेंबर.

वेन्डेलचं गणित करून बघितलं. ग्लेनला काढला, टीमचं काय झालं?

कचरा: मीच टाकत होते, मीच टाकते. मिंडीचं दूध: मीच. शिळ्या पावाच्या दुकानात माझे सकाळचे चार तास: चालू. टॉयलेटचं झाकण: खाली. भांडी: निम्मी. मिंडी दुपारची दोन तास झोपते, आधी टीव्हीच्या आवाजाने उठायची.

म्हणजे हरलेल्या मॅच शून्य. हे काही बरोबर येत नाही. मी दहावीत शाळा सोडली, गणित माझं कच्चंच. वेन्डेलची पद्धत लग्नाला लागू पडत नाही असं दिसतं.

एक मात्र लिहिते. भीती वाटते. ती आधी एवढी वाटत नव्हती. मिंडी रडली की भीती वाटते, गप्प झाली की जास्त वाटते. तिच्या डोक्यावरची ती मऊ जागा अजून धडधडते. हे सगळं एकटीने करायचं, आणि चुकलं तर सांगायला कोणी नाही. ग्लेन काही करायचा नाही, पण होता. शून्यात हे कुठे मांडायचं?

सोमवार, १४ सप्टेंबर.

प्लॅन सापडला. इतका सोपा, आधी कसा सुचला नाही!

रेडिओवर मर्व असतो. रोज साडेपाच ते सात, लोक फोन करतात आणि बेसबॉलवरून भांडतात. ग्लेन काहीही चुकवेल, अगदी मिंडीचा जन्म चुकवला, पण मर्व चुकवत नाही. जिथे असेल तिथे ट्रकमध्ये लावतोच. मी मर्वला फोन करायचा आणि सगळ्या गावासमोर सांगायचं, की माझं चुकलं, रस्कच मोलाचा. ग्लेन ऐकेल. राग जाईल. तासाभरात दारात.

गिलमार्टिनची मनातून माफी मागितली. त्याला काय फरक पडतो, त्याच्याकडे बायको आहे, मोठं घर आहे.

बुधवार, १६ सप्टेंबर.

फोन लावला. आधी एक मुलगी उचलते. म्हणाली, नाव आणि गाव? मी फोन ठेवून दिला.

नाव-गाव विचारतील हे मला माहीत होतं. रोज तेच ऐकते. तरी घाबरले.

गुरुवार, १७ सप्टेंबर.

आज नाव-गाव दोन्ही सांगितलं. रोंडा, आल्टन. ती म्हणाली, थांबा, तुमच्या पुढे सहा जण. चाळीस मिनिटं थांबले. पुढचे सहा जण सगळे रस्कवरून एकमेकांच्या आया काढत होते. शेवटी माझा नंबर आला, तेवढ्यात मिंडीने जी काही किंकाळी फोडली. मर्व म्हणाला, रोंडा फ्रॉम आल्टन, बोला, घरात डुक्कर कापताय का?

ठेवून दिला.

उद्यापासून मिंडीला आधी पाजून मग फोन.

शुक्रवार, १८ सप्टेंबर.

पाजलं. झोपवलं. फोन एंगेज. दीड तास एंगेज. लागला तेव्हा कार्यक्रम संपून हवामान सुरू झालं होतं.

बर्निस जिन्यात भेटली. म्हणाली, तुझा फोन सारखा चालू असतो, ग्लेनला करायचा असेल तर लागायचा कसा? हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं! दहा दिवस तो प्रयत्न करत असणार बिचारा. आता फोन मोकळा ठेवायचा.

सोमवार, २१ सप्टेंबर.

शनिवार, रविवार, आज. फोन मोकळा. मोकळाच राहिला.

आणि आज साडेसहाला रेडिओवर मर्व म्हणाला, पुढचा फोन, नाव-गाव? आणि ग्लेन म्हणाला, ग्लेन, पेओरिया.

हातातली बाटली पडली. प्लॅस्टिकची होती म्हणून बरं.

आवाज त्याचाच. बोलताना नाक ओढतो तसं ओढलंन. बोलला सगळं रस्कबद्दल. रस्क मैदानात उतरला की बाकीच्यांची छाती फुगते, म्हणाला. रोज येणं म्हणजे मोल नाही, रोज तर पोस्टमनही येतो. मर्व हसला. म्हणाला, घरी वाद होतो का रे यावर? ग्लेन म्हणाला, नाय, इथे आम्ही दोघंही रस्कवाले. आणि मागून कोणीतरी खिदळलं. बाईसारखं.

एक: तो जिवंत आहे. दोन: पेओरियात आहे, नोकरी शोधायलाच गेला असणार, तिथे ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. तीन: दोघं म्हणजे तो आणि कोणीतरी मित्र. खिदळणारा मित्र. किंवा टीव्ही.

एक गोष्ट लागली जराशी. त्याने मर्वला फोन लावला. एंगेज असला तरी पुन्हा पुन्हा लावला असणार, त्याशिवाय लागत नाही, मला माहितीये. पण ते एमव्हीपीचा विषय आहे म्हणून.

आता तर फोन करायलाच हवा. तो आम्ही दोघंही म्हणाला, तर मी सांगायचं आम्ही तिघंही. मिंडी धरून.

मंगळवार, २२ सप्टेंबर.

पाठ केलं: मर्व, मी रोंडा आल्टनहून. मी म्हणायचे गिलमार्टिन. पण माझ्या नवऱ्याने माझे डोळे उघडले. रस्कच मोलाचा. थँक यू.

आरशासमोर आठ वेळा. मिंडी टाळ्या वाजवते.

गुरुवार, २४ सप्टेंबर. संध्याकाळी ७.१५.

लागला. बोलले. 

सुरुवात पाठ केल्याप्रमाणे केली. मी म्हणायचे गिलमार्टिन, इथपर्यंत बरोबर. मग मर्व मधे बोलला. म्हणाला, आणि आता काय म्हणता ताई? आता रस्क म्हणायचं होतं. एवढंच होतं. माझं तोंड उघडलं आणि मी म्हटलं, आताही गिलमार्टिनच.

मग थांबवेना. मी म्हटलं, रस्क येतो त्या दिवशी बँड वाजतो, सगळे उभे राहतात, काय तो रुबाब. आणि उरलेले चार दिवस? ते चार दिवस खेळायचं कोणी? पाऊस आला, ऊन आलं, बोट मोडलं, टीम हरतेय, कोणी बघायलाही आलेलं नाही, तरी तिथे उभं राहायचं आणि येईल तो चेंडू अडवायचा, त्याला काहीच मोल नाही? पोस्टमन रोज येतो म्हणता. मग चार दिवस येऊ नका म्हणावं पोस्टमनला, आणि बघा कसं वाटतं दाराकडे बघत बसायला.

  मर्व म्हणाला, ताई, तेवीस वर्षं हा कार्यक्रम करतोय, यापेक्षा चांगलं कोणी बोललं नाही. मागे त्याची ती नाव-गाव विचारणारी मुलगी टाळ्या वाजवत होती.

ग्लेनने ऐकलं असणार.

सत्यानाश केला मी.

शुक्रवार, २५ सप्टेंबर.

नाही, सत्यानाश नाही! रेडिओवाल्यांचा फोन आला. मी या आठवड्याची सगळ्यात चांगली श्रोता. बक्षीस दोन तिकिटं. सीझनची शेवटची मॅच, रविवार ४ ऑक्टोबर, नदीपलीकडे स्टेडियममध्ये, पहिल्या बेसच्या मागे. आणि पिचर कोण? रस्क! हा देवाचाच हात. पत्रकारांनी एमव्हीपीची मतं द्यायची मुदत पण त्याच दिवशी संपते, पुढच्या फेरीतलं काही धरत नाहीत. म्हणजे रविवारी संध्याकाळी हा वाद कायमचा मिटणार. निकाल नोव्हेंबरात, कोणी जिंको. भांडायला कारणच उरणार नाही.

एक तिकीट ग्लेनला पाठवायचं. पेओरियाचा पत्ता माझ्याकडे नाही. बर्निसला म्हटलं, तुम्ही शोधून काढाल का? तिने हात पुढे केला, तिकीट घेतलं, ड्रॉवरमधून पाकीट काढलं आणि पत्ता लिहिला. न बघता.

आईच ती. पाठ असतो आईला.

शनिवार, २६ सप्टेंबर.

दुकानात ऑरविलकाका आले. दोन पाव घेतले आणि म्हणाले, तुझं ऐकलं पोरी, आमच्या बोलिंगच्या टोळक्याने सगळ्यांनी ऐकलं, दोघंतिघं तर बायकांना फुलं घेऊन गेले. मी म्हटलं, काका, तुम्हाला पेओरियाचं काही माहिती आहे का? काका पावाकडे बघत म्हणाले, हा ताजा आहे का? मी म्हटलं, काका, हे शिळ्या पावाचं दुकान आहे.

मग बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग पैसे ठेवून गेले. पाव विसरले.

रविवार, ४ ऑक्टोबर. संध्याकाळ.

सगळं नीट लिहिते.

सकाळी केस धुतले. पिवळा ड्रेस. मिंडीला लाल टोपी. दोन बस बदलून स्टेडियमला अकराला पोचलो, मॅच एकची. दोन हॉट डॉग घेतले, एक त्याच्यासाठी, कांदा न घालता. शेजारची खुर्ची रिकामी. त्यावर डायपरची पिशवी ठेवून राखून ठेवली.

तिसऱ्या इनिंगला एक म्हातारे गृहस्थ आले. हातात तिकीट. म्हणाले, ही माझी जागा. मी म्हटलं, ही माझ्या नवऱ्याची जागा. त्यांनी तिकीट दाखवलं. नंबर बरोबर होता.

म्हटलं, हे तुम्हाला कुठे मिळालं? म्हणाले, गेटबाहेर एका जोडप्याकडून. उंच पोरगा, नाक ओढत होता, आणि लाल केसांची बाई. त्यांच्याकडे एकच होतं. दोघांना आत यायचं होतं, दुसरं कुठे मिळतंय का बघत होते, शेवटी कंटाळून हेही विकून टाकलंनीत. स्वस्तात दिलं. चांगला पोरगा वाटला.

मी म्हटलं, हो, चांगला आहे.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, थांबा, तुमचा आवाज. तुम्ही त्या रेडिओवाल्या तर नव्हे, चार दिवस कोणी खेळायचं? आणि माझ्या काही सांगायच्या आत पुढच्या-मागच्या चार रांगांना सांगून झालं. एक माणूस उठला आणि त्याने माझ्याशी हात मिळवला. एका बाईने मला तिचा कोक दिला. सगळे ओरडायला लागले, गिलमार्टिन, गिलमार्टिन. गिलमार्टिनने खरंच वर बघितलं. आणि पुढचाच चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला. दोन धावा.

मॅच हरलो. रस्कला सहाव्या इनिंगलाच बाहेर काढला, तोही हरलाच म्हणायचा.

दुसरा हॉट डॉग म्हाताऱ्यांनी खाल्ला. कांदा हवा होता म्हणाले.

बसमध्ये विचार केला. पेओरियाहून इथे तीन तास. तो तीन तास गाडी चालवून गेटपर्यंत आला. म्हणजे मन आहे. आत आला नाही, कारण लाजला. लाल केसांच्या बाईचं काय, रांगेत कोणीही उभं असतं.

मिंडीला बसमध्ये उलटी झाली. पिवळा ड्रेस गेला.

सोमवार, १२ ऑक्टोबर.

काही नाही लिहायला. झोप थोडी. वेन्डेलचा फोन आला. गिलमार्टिनच्या त्या चुकीवर वीस मिनिटं बोलला. म्हणाला, एका चेंडूवरून माणसाचं मोल ठरत नाही. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. तो श्वास घ्यायला थांबला की सांगायचं. थांबला. म्हणाला, तू गप्प का? मी म्हटलं, मिंडीला दात येतोय. म्हणाला, आणि ग्लेन? मी म्हटलं, आंघोळीला.

वेन्डेल म्हणाला, झिजेल तो.

गुरुवार, २९ ऑक्टोबर.

बर्निस वर आली. सफरचंद भरलेला गोड ॲपल पाय घेऊन आली. ती कधी गोडधोड आणत नाही.

बसली. मिंडीला मांडीवर घेतलं. म्हणाली, रोंडा, ग्लेन परत येतोय. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सव्वीस नोव्हेंबरला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, मला माहीत होतं. बर्निस म्हणाली, ऐकून घे पूर्ण. शेरी आहे बरोबर. तिला दिवस गेलेत. त्यांना वरच्या खोल्या लागतील.

मी म्हटलं, शेरी कोण? खरंच विचारलं मी. बर्निस म्हणाली, अगं, आता पुरे कर. सगळ्या गावाला माहिती आहे, लेबर डेला तूच नाही का सगळ्यांसमोर ते पाच दिवसांतून एकदाचं बोललीस? आम्हाला वाटलं तुला कळलंय. ऑरविल तर म्हणाला, काय वाघीण आहे पोरगी, काय हाणला.

मी म्हटलं, मी बेसबॉलबद्दल बोलत होते.

बर्निसने माझ्याकडे इतका वेळ बघितलं. मग म्हणाली, तू वाईट नाहीस गं. भांडी नीट घासतेस, पोर नीट ठेवतेस. तुझ्यासारखी मला मिळायची नाही पुन्हा. पण तो माझा मुलगा आहे. मी काय करू, सांग.  ग्लेनच्या जागी माझी मिंडी असती तर मीही तेच केलं असतं बहुतेक.

चोवीस नोव्हेंबरपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या.

ॲपल पाय चांगला होता.

रविवार, १ नोव्हेंबर.

ठरवलं ते असं. एमव्हीपीचा निकाल सतराला लागतो. निकाल रस्कचा लागला तर ग्लेन खुशीत असेल, खुशीत असला की तो चांगला वागतो, त्या वेळी बोलायचं. गिलमार्टिनचा लागला तर तो मान्य करेल की मी बरोबर होते, आणि माणूस एक गोष्ट मान्य करायला लागला की दुसरीही करतो. म्हणजे दोन्हीकडून फायदाच. सतरापर्यंत सामान बांधायची घाई करायची नाही.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर.

शेरीने काही खोकी आधीच पाठवलीत. ऑरविलकाकांनी आणून जिन्यात ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, फक्त ठेवायला सांगितलंय. एकावर लिहिलंय, पडदे.

माझे पडदे चांगले आहेत की.

मंगळवार, १० नोव्हेंबर.

वेन्डेलला फोन. आज नक्की. कागदावर लिहून ठेवलं होतं: वेन्डेल, ये. दोनच शब्द. त्याने उचलला, हॅलो म्हणाला, आणि मी म्हटलं, काय रे, सतराला कोण वाटतंय तुला?

अर्धा तास.

कागद अजून फोनपाशी आहे.

शनिवार, १४ नोव्हेंबर.

आज वेन्डेलचं गणित उलटं करून बघितलं. मला काढलं तर?

बर्निसच्या घरात वर कोणीतरी राहील. भांडी कोणीतरी घासेल. बाळ असेल, दुसरं. पडदे असतील. ग्लेन रविवारी खाली जेवायला येईल आणि कोणाला खिंडार दिसायचं नाही.

शून्य.

तरी मला वाटतं ही पद्धतच चुकीची आहे.

मंगळवार, १७ नोव्हेंबर.

लागला निकाल. डेव्हरो.

कोण डेव्हरो? तळाच्या टीमचा, तिकडे दूरचा, आऊटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या पार कडेला उभा राहणारा. त्यांची टीम सगळ्यात शेवटी आली. आमच्याकडे कोणी एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं, मर्वने नाही, ग्लेनने नाही, मी नाही. रस्क तिसरा. गिलमार्टिन सातवा.

म्हणजे लेबर डेला आम्ही दोघंही चूक होतो. दोघंही. एवढं त्याला सांगायला हवं होतं.

पावणेसातला वेन्डेलचा फोन. भडकला होता. म्हणाला, शेवटच्या नंबरच्या टीमला कसलं मोल, त्याला काढला असता तरी शेवटीच आले असते ना! बोल की, बरोबर ना? मी म्हटलं, कोणीतरी शेवटच्या टीममध्येही रोज येत असेल. वेन्डेल एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, रोंडा, तू बरी आहेस ना?

विचारलंन. स्वतःहून विचारलंन. यापेक्षा सोपं काय असतं? नुसतं नाही म्हणायचं होतं.

मी म्हटलं, फर्स्ट क्लास रे. सगळं फर्स्ट क्लास.

बुधवार, १८ नोव्हेंबर. दुपारी ३.

सहा दिवस राहिले. एक पिशवी भरली. मिंडीचे कपडे, तिची बाटली, पिवळा ड्रेस धुवून. फोनपाशी बसले. पाच आकडे फिरवले. ठेवला. पुन्हा पाच. ठेवला. मला माहितीये काय होणार. तो हॅलो म्हणेल आणि माझं तोंड मला न विचारता सगळं छान आहे म्हणेल. अडीच महिने मी इथे या वहीत रोज तेच म्हणत आले आणि वहीने एकदाही मला टोकलं नाही.

म्हणून ही वही जिन्यात उघडी ठेवतेय, याच पानावर. पोस्टमन असो, मीटरवाला असो, ऑरविलकाका, तुम्ही असाल. बर्निस, तुम्ही असलात तरी चालेल.

मला सामान उतरवता येतं, बाळ उचलता येतं, हे एवढंच करता येत नाही. जो कोणी हे वाचेल त्याने माझ्या भावाला फोन करा. वेन्डेल, केप. नंबर पानाच्या मागे लिहिलाय, मोठ्या अक्षरात. सहानंतर करा, आधी तो गाडीखाली असतो. त्याने विचारलं की ती बरी आहे का, तर नाही म्हणा. माझ्यासाठी तेवढं म्हणा.